पडदा आणि जाळे : खानदेशातील लहान शाळांच्या संदर्भात सहयोगी अध्ययनाचा विचार

प्रस्तावना

गेल्या दशकाच्या मध्यास धुळे जिल्ह्याने महाराष्ट्राच्या शैक्षणिक चर्चेत एक वेगळे स्थान मिळविले. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्क येथे वित्तक्षेत्रात कार्यरत असलेले हर्षल विभांडिक यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत डिजिटल वर्ग उभारण्याची मोहीम हाती घेतली. गावोगावी प्रेरणासभा घ्यायच्या, खर्चाचा सुमारे ७० टक्के वाटा ग्रामस्थांनी लोकवर्गणीतून उभा करायचा आणि उरलेला सुमारे ३० टक्के वाटा स्वतः द्यायचा, अशी या मोहिमेची रीत होती. २०१६ च्या सुमारास ही मोहीम जिल्ह्यातील सुमारे अकराशे शाळांपर्यंत पोहोचली आणि सर्व जिल्हा परिषद शाळा डिजिटल झालेला जिल्हा म्हणून धुळ्याचे नाव घेतले जाऊ लागले. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या गावांनी शाळेसाठी पदरचे पैसे काढले, ही घटना सामान्य नव्हे. तिचे मोल पुढील विवेचनात कोठेही कमी लेखलेले नाही.

तथापि अध्यापनशास्त्राच्या अभ्यासकास एक प्रश्न विचारणे भाग आहे. वर्गात पडदा आला. त्या पडद्यासमोर बसलेली मुले एकमेकांशी काही बोलू लागली काय? एका गावची शाळा दुसऱ्या गावच्या शाळेशी जोडली गेली काय? डिजिटल युगातील शिक्षणाविषयी लिहिताना 'डिजिटल', 'सहयोगी' आणि 'जाळ्याने जोडलेले' हे शब्द आपण समानार्थी असल्याप्रमाणे वापरतो. प्रत्यक्षात त्या तीन भिन्न गोष्टी आहेत आणि पहिली साध्य झाली म्हणून उरलेल्या दोन आपोआप साध्य होत नाहीत. धुळे व जळगाव जिल्ह्यांतील लहान शाळांपुढे आज जो प्रश्न उभा आहे, त्याचे उत्तर शोधताना हा भेद निर्णायक ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सहकारी, सहयोगी आणि जोडलेले

खानदेशात 'सहकारी' म्हटले की प्रथम पतपेढी, सूतगिरणी किंवा फळबागायतदारांची संस्था आठवते. ते अगदीच अस्थानी नाही. संस्थेचा सभासद आपला भाग भरतो, आपले काम करतो आणि लाभ वाटून घेतो. सहकारी अध्ययनातही काम वाटून दिले जाते व अखेरीस तुकडे जोडले जातात. सहयोगी अध्ययन याहून एक पाऊल पुढे जाते. तेथे प्रश्नाचे उत्तर आधीपासून कोणाकडेच नसते, ते चर्चेतून घडवावे लागते, आणि चर्चेत भाग घेणाऱ्या प्रत्येकाची समज त्या ओघात बदलते.

या दोहोंच्या मुळाशी असलेला विचार आपल्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत सर्वपरिचित आहे. १९३४ मध्ये निधन पावलेले रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगोत्स्की यांचे लेखन १९७८ मध्ये इंग्रजी ग्रंथरूपाने व्यापक वाचकवर्गापर्यंत पोहोचले, तेव्हापासून 'निकटवर्ती विकासक्षेत्र' ही संज्ञा रूढ झाली. मूल एकट्याने जे करू शकते आणि अधिक जाणत्याच्या साहाय्याने जे करू शकते, त्यांमधील अंतर म्हणजे हे क्षेत्र. अधिक जाणता म्हणजे शिक्षकच असे नव्हे, तो शेजारच्या बाकावरचा सवंगडीही असू शकतो. दोन शिक्षक आणि पाच इयत्ता अशा शाळेत चौथीची मुलगी दुसरीच्या मुलाला हातच्याची वजाबाकी दाखविते, तेव्हा ती कोणत्याही परिभाषेविना हेच करीत असते. बहुवर्ग अध्यापनाची ही जमेची बाजू आपल्या प्रशिक्षणांत फारशी बोलली जात नाही. तिच्याकडे केवळ अडचण म्हणूनच पाहिले जाते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी १९७१ मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे एक साधी युक्ती योजिली. तेथील शाळांत कृष्णवर्णीय, श्वेतवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले नुकतीच एकत्र बसू लागली होती व वर्गात वैमनस्य होते. ॲरनसन यांनी पाठाचे तुकडे केले आणि गटातील प्रत्येक मुलास एकच तुकडा दिला. पूर्ण पाठ समजण्यासाठी प्रत्येकास इतर सर्वांचे ऐकणे अपरिहार्य झाले. चित्रखंड जुळविण्याच्या खेळावरून ही पद्धत 'जिगसॉ' म्हणून ओळखली जाते. गटात बसविले म्हणजे सहयोग घडत नाही. परस्परांवाचून काम अडेल अशी रचना करावी लागते, हे तिचे सार होय. आपल्या अनेक 'गटकार्यां'त एक हुशार विद्यार्थी लिहितो आणि बाकीचे सही करतात, त्याचे कारण ही अडवणूक तेथे नसते.

'जाळे' ही संकल्पना त्यानंतरची. जीन लेव्ह आणि एटियेन वेंगर यांनी १९९१ मध्ये समव्यवसायी समुदायात राहून होणाऱ्या अध्ययनाची मांडणी केली. जॉर्ज सीमेन्स यांनी २००५ मध्ये 'कनेक्टिव्हिझम'चा, म्हणजे ज्ञान जोडण्यांत वसते या विचाराचा पुरस्कार केला. सीमेन्स यांच्या मांडणीस सिद्धान्त म्हणावे की नाही याविषयी मतभेद आहेत आणि ते साधार आहेत. शालेय स्तरापुरता त्यातील एकच मुद्दा आपल्या उपयोगाचा आहे. जाळ्यातील प्रत्येक गाठीकडे घेण्यासारखे आणि देण्यासारखे, दोन्ही असावे लागते. ज्या गाठीकडून केवळ घेतले जाते किंवा जिला केवळ दिले जाते, ती जाळ्यात नसते, नळाच्या टोकाशी असते.

संगणकापूर्वीची दोन उदाहरणे

हा भेद स्पष्ट होण्यासाठी शंभर वर्षे मागे जाणे उपयुक्त ठरेल. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले, पुढे तेथील छात्रालयाचे प्रमुख झाले आणि १९३० मध्ये सत्याग्रहात उडी घेण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. या काळात ते छात्रालयातील मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हस्तलिखित स्वरूपात काढीत. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिकही त्यांनी सुरू केले. तासाची घंटा झाल्यावर शिक्षण संपत नाही, हे त्या दैनिकाने खानदेशातील एका वसतिगृहात सिद्ध केले. मात्र त्यातील लेखन मुख्यतः गुरुजींचे होते, मुले वाचक होती.

त्याच सुमारास दक्षिण फ्रान्समधील बार-स्यूर-लू या गावी सेलेस्टँ फ्रेने नावाचे प्राथमिक शिक्षक वेगळा प्रयोग करीत होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसास झालेल्या जखमेमुळे दीर्घकाळ बोलणे त्यांना जमत नसे. त्यांनी वर्गात लहानसे छापयंत्र आणले आणि मुलांना स्वतःचे अनुभव लिहून स्वतःच खिळे जुळवून छापण्यास शिकविले. १९२६ पासून ही पाने देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील एका शाळेकडे टपालाने जाऊ लागली आणि तिकडची पाने इकडे येऊ लागली. डोंगरातल्या मुलांना समुद्राविषयी आणि किनाऱ्यावरच्या मुलांना डोंगरातील शेतीविषयी खरी जिज्ञासा होती, कारण विचारणारा आणि सांगणारा दोघेही समवयस्क होते. टपालखाते आणि खिळे एवढ्याच तंत्रज्ञानावर हे जाळे उभे होते.

दोन्ही उपक्रमांची योग्यता येथे तोलावयाची नाही, त्यांचे हेतूच भिन्न होते. परंतु आपल्या डिजिटल वर्गांतून जे घडले, ते यांपैकी कशाच्या जवळ जाते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. माझ्या मते ते दोहोंच्याही जवळ जात नाही. छात्रालय दैनिकात निदान लिहिणारा वाचकांना नावाने ओळखत होता. पुण्यात वा मुंबईत तयार झालेल्या ध्वनिचित्रफितीस साक्री तालुक्यातील पाड्यावरचे मूल माहीत नसते.

पडद्याचा पल्ला

महाराष्ट्रातील शालेय तंत्रज्ञानाचा प्रवास थोडक्यात असा. २००४ च्या अखेरीस केंद्राची माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान योजना आली आणि माध्यमिक शाळांत संगणककक्ष उभे राहिले. 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' या तत्त्वावर कंत्राटदाराने यंत्रे बसवायची व निदेशक पुरवायचा, अशी व्यवस्था होती. मुदत संपल्यावर निदेशक गेला की कक्षाला कुलूप, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. त्यानंतर शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी वस्तीतील शाळेने प्राथमिक स्तरावर डिजिटल शाळेचा नमुना घालून दिला. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्राचे 'दीक्षा' व्यासपीठ कार्यान्वित झाले. पुढे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड त्यास जोडले गेले. क्यूआर कोडच्या वापराचा पाठपुरावा सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी केला होता. त्यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

या सर्व टप्प्यांत आशय वरून खाली वाहत राहिला. हे अकारण घडले नाही. पाठ्यघटक ठरलेला, परीक्षा ठरलेली, तेव्हा उत्तम रीतीने समजावलेली एकच चित्रफीत सर्वांना दाखविणे स्वस्त पडते. चंद्रकला किंवा हृदयाचे कार्य यांसारखे घटक पडद्यावर खरोखरच चांगले कळतात. अडचण त्यापलीकडे सुरू होते. पडद्यासमोर चाळीस मुले बसली काय किंवा बारा बसली काय, मांडणी बदलत नाही. सर्वांची तोंडे एकाच दिशेला असतात.

महामारीच्या काळात याच मर्यादेचे रूप उग्र झाले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने घरी अभ्यासाचे साहित्य पाठविले जाऊ लागले. 'असर' या देशव्यापी ग्रामीण सर्वेक्षणानुसार, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के व २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. परंतु २०२१ च्याच पाहणीत, घरी फोन असूनही सुमारे २६ टक्के मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. फोन वडिलांबरोबर शेतावर किंवा कामाच्या गावी जात असे. यंत्र पोहोचणे आणि मूल जोडले जाणे यांतील अंतर दाखविण्यास एवढी आकडेवारी पुरेशी आहे.

शिक्षक मात्र जोडले गेले

गंमत अशी की, याच वर्षांत एक खरे जाळे विणले गेले, ते शिक्षकांचे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी वर्ग उभे राहिले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक स्वखर्चाने ते पाहावयास गेले. परतल्यावर त्यांनी फरशीवर आखलेले तक्ते, मणिमाळा, शब्दचक्रे यांची छायाचित्रे मोबाइलवरून एकमेकांना पाठविली. आदेशाने जे पसरले नसते, ते पाहून, करून आणि विचारून पसरले. यात प्रत्येक शिक्षक घेणाराही होता आणि देणाराही.

या जाळ्याला आधीचा एक सांगाडा होता, हे विसरता कामा नये. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून राज्यात समूहसाधन केंद्रे आहेत. केंद्रप्रमुखांची ४ हजार ८६० पदे निर्माण झाली आणि सुमारे दहा-बारा शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेस नियमित एकत्र येऊ लागले. ओळख आधी परिषदेत झाली, मोबाइलवरील गट नंतर आला. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेच नाही, त्यांचे गट लवकरच शुभेच्छांच्या आणि आदेशांच्या ओझ्याखाली दबले. मुलांचे जाळे विणताना हा क्रम लक्षात ठेवावा लागेल.

लहान शाळांचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा विकसित करण्याचे प्रस्ताव मागविले. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत ही उदाहरणे त्यासाठी पुढे ठेवण्यात आली. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीप्रमाणे अशा शाळा राज्यात १४ हजार ७८३ होत्या, त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार विद्यार्थी व २९ हजार ७०० शिक्षक होते. भागाकार केल्यास एका शाळेत १२ ते १३ मुले आणि दोन शिक्षक असे चित्र दिसते. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर आणि साक्री या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात फिरलेल्यांना ते अपरिचित नाही.

समूह शाळेच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद हा प्रशासकीय असण्याबरोबरच शैक्षणिकही आहे. इतक्या कमी मुलांत सवंगडी मिळत नाहीत, स्पर्धा व चर्चा होत नाही, गटकार्य संभवत नाही. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. तिसरीत एकच मुलगी असेल तर तिने समवयस्काशी वाद कोणाशी घालावा? परंतु या एका मुलीसाठी तिच्या पाड्यावरची शाळाच काढून घेणे हा उपाय आहे काय? शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या अंमलबजावणीसाठी केलेल्या राज्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले, त्यामागे कारण होते. पावसाळ्यात नाला ओलांडावा लागणारे सहा वर्षांचे मूल आणि वयात येणारी मुलगी, हे दोघेच प्रथम गळतात. बसची सोय कागदावर असली तरी ती पाड्यापर्यंत येते असे नाही.

येथेच जाळ्याचा विचार निव्वळ अध्यापनतंत्राचा राहत नाही. लहान शाळा बंद न करता तिचा वर्ग मोठा करता येईल काय, हा तो प्रश्न आहे. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये शाळा संकुलाची कल्पना मांडली होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सातव्या प्रकरणात ती पुन्हा पुढे आणली असून एक माध्यमिक शाळा आणि पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरातील इतर शाळा यांचे संकुल सुचविले आहे. संकुलाचा अर्थ इमारती एकत्र करणे असाही लावता येतो आणि मुले जोडणे असाही. आपल्याकडे पहिला अर्थ अधिक चटकन लागतो, कारण त्यातील बचत मोजता येते.

पांझरेकाठचा एक आराखडा

मुले जोडणे म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. पांझरा नदी साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात उगम पावते. पिंपळनेर, अक्कलपाडा, धुळे, न्याहळोद, बेटावद असा प्रवास करून तापीला मिळते. वरच्या अंगाला पाऊस अधिक, खाली शिंदखेड्याकडे कमी. या नदीकाठच्या सहा लहान शाळा निवडाव्यात. प्रत्येक शाळेतील मुलांनी सरळ बाजू असलेल्या बाटलीचे पर्जन्यमापक करावे व रोज सकाळी पट्टीने मिलिमीटर मोजून वहीत लिहावे. बाजू सरळ असल्या म्हणजे तोंड लहान की मोठे याने उंचीत फरक पडत नाही. हे मुलांना सांगू नये, दोन निरनिराळ्या बाटल्या ठेवून त्यांचे त्यांना सापडू द्यावे. आठवड्यातून एकदा वहीच्या पानाचे छायाचित्र व एक ध्वनिसंदेश उरलेल्या पाच शाळांकडे जावा.

तीन आठवड्यांत तक्ता बोलू लागेल. पिंपळनेरकडे धो धो पाऊस असताना बेटावदला ऊन का, हा प्रश्न खालच्या शाळेतील मुलांना पुस्तकातून पडला नसता. पाऊस नसतानाही नदीला पाणी कसे आले, याचे उत्तर त्यांना वरच्या शाळेकडूनच मिळेल. येथे ॲरनसन यांची अट पूर्ण होते. एका शाळेचा रकाना रिकामा राहिला तर नदीचा आलेख तुटतो, आणि तो रकाना दुसरे कोणी भरू शकत नाही. आज कोणत्याही प्रश्नाचे तयार उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मोबाइलवर आली आहेत; आपल्या पाड्यावर काल किती पाऊस पडला, हे मात्र त्यांना मुलांनीच सांगावे लागेल.

पाऊस ओसरल्यावर याच शाळांना दुसरा विषय हाताशी आहे. पांझरा आणि तिच्या उपनद्यांवर फड पद्धतीची सिंचनव्यवस्था शेकडो वर्षे चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, आणि लाभक्षेत्राचे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी ठरलेल्या क्रमाने द्यायचे. ते देण्यासाठी पाटकरी व जागल्या गावानेच नेमायचे. जुने बंधारे आता कोठे चालू, कोठे मोडकळीस आले आहेत. आपल्या गावच्या फडाचा नकाशा काढणे, आजोबांना नियम विचारणे, पाण्यावरून झालेले तंटे कसे मिटत हे टिपणे आणि शेजारच्या गावच्या नियमांशी ताडून पाहणे, यांत भूगोल, गणित, नागरिकशास्त्र आणि भाषा सर्व येतात. कालवा आणि चारी यांतील फरक ज्या मुलांना कळतो, त्यांना पडदा आणि जाळे यांतील फरक वेगळा शिकवावा लागणार नाही. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातील शाळा आणि चोपड्याच्या डोंगरातील शाळा यांची जोडी अशाच रीतीने लावता येईल.

बोलीचा प्रश्न

या देवाणघेवाणीची भाषा कोणती? धुळे जिल्ह्याच्या बहुतांश गावांत मूल घरी अहिराणी बोलते. जळगावच्या पूर्व भागात लेवा बोली, सातपुड्यात पावरी, भिलोरी, तडवी. डिजिटल आशय प्रमाण मराठीत असतो. 'आठे-तठे' म्हणणारे मूल 'येथे-तेथे' ऐकते तेव्हा त्याला अर्थ कळतो, पण उत्तर देताना ते अडखळते, आणि सहयोगी अध्ययनात तर उत्तर देणेच मुख्य असते. पडद्यासमोर गप्प बसून हे झाकले जाते, चर्चेत ते उघडे पडते. माझ्या मते ध्वनिसंदेश घरच्या बोलीतच असू द्यावेत आणि लेखी तक्ता प्रमाण मराठीत असावा. साक्रीच्या पश्चिमेकडील मुलांची बोली शिंदखेड्याच्या मुलांना काहीशी वेगळी वाटेल. त्यांनी एकमेकांना शब्द विचारावेत. आपले विद्यापीठ ज्यांचे नाव धारण करते त्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची रचना घरातील लिहिणाऱ्यांनी ऐकून टिपून ठेवली म्हणून १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. बोली ऐकून लिहून घेणे हे हलक्या प्रतीचे काम नाही, हे सांगण्यास दूर जावे लागू नये.

अडचणी आणि मर्यादा

अडचणी पुष्कळ आहेत आणि त्या तांत्रिक कमी, व्यवस्थेच्या अधिक आहेत. समग्र शिक्षेच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस संयुक्त अनुदान वर्षाला १० हजार रुपये आहे. त्यातच वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती. २०१६ च्या सुमारास बसविलेल्या प्रोजेक्टरचा दिवा किंवा बॅटरी आज बदलावयाची झाल्यास एवढ्यात भागत नाही, आणि दुसऱ्यांदा वर्गणी मागणे पहिल्याहून कठीण असते. म्हणून वरील आराखड्यात शिक्षकाचा एक साधा फोन आणि वही याहून अधिक काही गृहीत धरलेले नाही. एकाच कंपनीच्या सेवेवर सर्व भार टाकणेही धोक्याचे आहे. जगभरातील वर्ग जोडण्यासाठी शिक्षकांनी वर्षानुवर्षे वापरलेली स्काइप सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. वही बंद होत नाही.

मुलांच्या माहितीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यासाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. उपक्रमाचा पुरावा म्हणून मुलांची नावानिशी छायाचित्रे मोठमोठ्या गटांवर टाकण्याची जी सवय शिक्षणखात्यास जडली आहे, ती या कायद्याच्या आशयाशी जुळणारी नाही. पावसाच्या तक्त्यास मुलाच्या चेहऱ्याची गरज नसते.

एक मर्यादा मात्र मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. फोनवरून कबड्डीचा संघ होत नाही. बारा मुलांच्या शाळेतील एकटेपणा जाळ्याने कमी होईल, संपणार नाही. म्हणून महिन्यातून एक दिवस सहाही शाळांची मुले केंद्रशाळेत प्रत्यक्ष भेटली पाहिजेत. वर्षातून दहा दिवसांचा प्रवासखर्च रोजच्या बसपेक्षा निश्चितच कमी असेल, आणि शिक्षकांच्या जाळ्याने दाखविलेला 'आधी भेट, मग संदेश' हा क्रमही त्यामुळे साधेल.

महाविद्यालयांचा वाटा

दोन शिक्षकांच्या शाळेवर आणखी एक उपक्रम लादला, तर त्याचा अहवाल तेवढा तयार होईल. त्यांच्याकडे वेळ नाही. तो आपल्याकडे आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात २० आठवड्यांचा शालेय अनुभव अनिवार्य केला. आपले छात्राध्यापक तो बहुधा शहरातील किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या मोठ्या माध्यमिक शाळांत पूर्ण करतात, आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे ठराविक पाठ घेऊन परततो. सहयोगी अध्ययनावरील प्रश्नाचे उत्तर लिहिणाऱ्या छात्राध्यापकाने स्वतः सहयोगाने काहीच केलेले नसते. भूगोल, संगणकशास्त्र, मराठी आणि शिक्षणशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन सहा शाळांचा एक गट दत्तक घेतल्यास तक्ते तपासणे, बोलींतील शब्दांची नोंद ठेवणे आणि मासिक भेटीची व्यवस्था पाहणे हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून होऊ शकते. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिरही झाडलोटीपलीकडे काही करू शकेल. मूल्यमापनाचा निकष एवढाच असावा की, वर्षअखेरीस मुलांनी परस्परांना विचारलेले प्रश्न किती आणि कसे होते. संदेशांची संख्या मोजू नये, नाही तर केवळ तीच वाढेल.

खानदेशात शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि मृगाचा पाऊसही त्याच सुमारास अपेक्षित असतो. पहिल्या पावसाची नोंद हुकली तर तक्ता वर्षभर अपुरा राहतो; यास्तव शाळांची निवड, केंद्रप्रमुखांची संमती आणि छात्राध्यापकांच्या जोड्या मे महिन्याच्या सुट्टीपूर्वीच निश्चित कराव्या लागतील.